एफिआल्टीसला अनुमोदन

सुधीर गेल्याचं मला त्याच्या मुलीने कळवलं. फोनवर मीरा रडत नव्हती. "काका, बाबा गेले. झोपेतच. तुम्ही संडेला असाल ना, नेहमीसारखे?" मी 'येतो' म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र तो 'नेहमीसारखे' खटकला... त्या घरात मी कित्येक वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमध्ये आम्ही शेजारी शेजारी संसार थाटले. तो चिप डिझाइन करायचा, पण त्याचा जीव जडला होता अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका अथेन्सवाल्यावर. एफिआल्टीस. हा माणूस लाच घेत नसे. तहहयात बसलेल्या ज्येष्ठांच्या सभेतल्या भ्रष्ट मंडळींना त्याने न्यायासनासमोर खेचलं, मग त्या सभेचे अधिकार काढून सामान्य नागरिकांच्या हाती दिले. पुढे लवकरच त्याचा खून झाला. "कोणी केला, यावर अजून एकमत नाही," सुधीर भाजी चिरता चिरता सांगायचा. "पण ओळखीचाच असणार. इतके शत्रू असलेला माणूस परक्याला दार उघडेल होय?"

"पुरावा काय?"

"पुरावा तूच की! बेल न वाजवता घुसतोस." आणि मग घशात सुरू होऊन खोकल्यात संपणारं त्याचं ते हसू.

आमच्या मराठी मंडळाचे विश्वस्तही तहहयातच होते. ते सगळ्या सभासदांनी निवडावेत, असा ठराव सुधीर मांडणार होता. सूचक तो, अनुमोदक मी. "तू फक्त हात वर कर, बडबड मी करतो." विश्वस्तांपैकी एक ऑफिसात माझा बॉस होता आणि माझं ग्रीन कार्ड अडकलेलं होतं. सुधीरला ते माहीत होतं, म्हणून त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. दर वेळी मी छाती ठोकून हो म्हणालो.

सभेच्या दुपारी मी हॉलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. काचेच्या दारातून तो दिसत होता. बोलून झालं होतं, आणि तो दाराकडे बघत उभा होता. अनुमोदन नाही म्हणून ठराव बारगळला. संध्याकाळी मी फोन केला, "फ्रीवेवर अडकलो रे, अ‍ॅक्सिडेंट झाला होता पुढे." तो म्हणाला, "असू दे." त्यानंतर त्याच्याकडे जाणं मी टाळत गेलो. कार्ड आलं, घर झालं... खरं काय ते बायकोलाही सांगितलं नाही. आज इथे प्रथमच लिहितो आहे.

त्या रविवारी गेलो. त्याच्या खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या होत्या. मीरा म्हणाली, "ही तुमची. आय मीन, बाबा तुम्हाला स्पीकरवर घ्यायचे ना? दर संडेला दार लावून एफिआल्टीसची स्टोरी सांगायचे. मी किचनमधून ऐकायचे."

"मीरा, मी कधी फोन केला नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बट इट वॉज युअर व्हॉइस, काका. तुम्ही सारखं एकच म्हणायचात..." आणि तिने तिच्या अमेरिकन मराठीत, पण हुबेहूब माझ्या हेलाने म्हणून दाखवलं, "मी पार्किंगमध्येच होतो रे, सुधीर."

हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"मग... बाबा काय म्हणायचे?"

"काही नाही. हसायचे. एव्हरी टाइम."

ती चहा टाकायला गेली. जाताना सवयीने दार ओढून घेतलं. मी त्या खुर्चीत बसलो. गादीला खोलगट आकार आला होता, वर्षानुवर्षं कुणी बसल्यासारखा. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मी अखेर बोललो, "मी पार्किंगमध्येच होतो रे, सुधीर."

बाहेर कपांचा आवाज थांबला. मीराची पावलं दारापर्यंत आली आणि तिथेच थबकली. ती आत आली नाही, मीही हाक मारली नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना आम्ही कान देऊन होतो... तो हसतो का, ते ऐकायला.