पखवाजाची कणीक

कौसल्या घरात दोनदा कणीक मळायची. एकदा पखवाजासाठी, मग पोळ्यांसाठी. नवरा शालिकराम शहरातल्या महाल भागातल्या देवळांतून भजनाला साथ करी. वाजवण्याआधी पखवाजाच्या डाव्या पुडीवर ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा कुठे चामडं घुमतं. वाजवून झालं की तो खरडून काढायचा. शालिकराम म्हणे, "पहिले याले जेवू घाल वं, मंग मले." त्या लाकडी सवतीला ती हसतहसत जेवू घाली.

एकाहत्तर साली शालिकराम गेला. मूलबाळ नव्हतं. पुतण्या पखवाज विकायला टपला, तेव्हा तिने तो उचलून संग्रहालयात दिला. तिथे ती झाडझूड करत असे. तिथल्या साहेबांनी शब्द दिला होता, "काचेच्या आत याला धक्का लागणार नाही." एकीकडे सतारी, दुसरीकडे तलवारी, आणि मध्ये पखवाज, मुका. रोज सकाळी पहारेकरी रामाजी कपाट उघडी आणि ती धूळ पुसे. लोक यायचे, तलवारींपुढे रेंगाळायचे. पखवाजापुढे कोण थांबतं!

चौऱ्याहत्तरच्या पितृपक्षात तिने नवऱ्याच्या नावाने पान ठेवलं. कावळा काही शिवेना. ऊन डोक्यावर आलं. काय राहिलं असेल याचं? मग तिला त्याचं 'पहिले याले' आठवलं. तीन वर्षं पखवाज उपाशी होता!

दुसऱ्या सकाळी तिने पदराआड कणीक नेली आणि रामाजीची पाठ फिरताच पुडीवर थापली. खरडायची ती वाजवून झाल्यावर, आणि इथे वाजवणार कोण? सवडीने जेवू दे बापड्याला, म्हणून तिने ती तशीच ठेवली. पुढचा दिवस सुट्टीचा होता.

कपाटाच्या मागच्या फळीला फट होती. उंदरांना आणखी काय हवं? कणकेबरोबर पुडीही गेली. साहेब रामाजीवर उखडले, तशी ती पुढे झाली.

"त्याले नका बोलू, साहेब. म्याच जेवू घातलं."

साहेबांनी रामाजीला कपाट रिकामं करायला लावलं. पखवाज गोदामात गेला, त्याच्या जागी दोन कट्यारी आल्या. कौसल्या रोज त्यांची काच पुसू लागली. तिला रडताना कोणी पाहिलं नाही.

पुढच्या पितृपक्षात तिने पान ठेवलं आणि हात मागे घेते न घेते तोच कावळा शिवला. शेजारची प्रयागबाई म्हणाली, "सुटला वं बाई तुहा मालक."

तेव्हा मात्र कौसल्या हमसून हमसून रडली. आता तो तिच्याकडे काहीच मागणार नव्हता.