झऱ्याला लावलेली पहार

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही मास्तरांच्या मर्जीनं. पण आमच्या खोऱ्याचा नकाशा मला विचारा. तो कागदावर नाय, माझ्या पायांत आहे.

वर पठार आहे आणि पठाराला मधोमध खिंड. खिंडीच्या अलीकडून एक ओढा निघतो, तो आमच्या गावाचा. पलीकडून दुसरा निघतो, तो माझ्या इवायाच्या गावाचा, म्हणजे जिथं माझी लेक दिली तिथला. दोन्ही ओढे बोडख्या टेकडीला दोन अंगांनी वळसा घालतात आणि खाली बंधाऱ्यापाशी एक होतात. तिथून पुढं तिला नदी म्हणायचं. मग ती डोंगर सोडते, शेंद्र्याच्या बाजूनं सपाटीला लागते आणि लांब जाऊन गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला मिळते.

आता या दोनांतली खरी नदी कोणती आणि नुसता ओढा कोणता, यावर माझं आणि इवायाचं लेकीच्या लग्नापासून भांडण. माझं म्हणणं सरळ होतं. जी उन्हाळ्यात जिती राहते ती नदी. माझा झरा भर वैशाखात बोटाएवढी धार सोडायचा. त्यांचा शिमग्यालाच आटायचा. दर शिमग्याला मी फोन लावायचो, "काय इवाई, तुमची नदी कुठवर आली?" ते फोन कापायचे. मला तो सण लई गोड जायचा.

आमच्या खोऱ्यात एक चाल आहे. पोरीच्या हळदीच्या अंघोळीला उगमाचं पाणी लागतं, आणि ते आजोळच्या म्हाताऱ्यानं स्वतः कळशीत आणायचं. नातीचं लग्न ठरलं तेव्हा मला नवरदेवापेक्षा जास्त आनंद झाला. माझ्या झऱ्याची कळशी घेऊन मी खिंड उतरणार आणि इवायाच्या दारात, त्यांच्या सगळ्या भावकीसमोर ठेवणार. मग बोला म्हणावं, नदी कोणाची!

तिथंच माझी अक्कल फिरली. बोटाएवढ्या धारेनं कळशी कधी भरायची? धार मनगटाएवढी करू म्हणून लग्नाच्या आदल्या थंडीत मी पहार उचलली.

"झऱ्याला लोखंड लावू नये," आमची म्हातारी, म्हणजे बायको म्हणाली. "हातानं गाळ काढावा, बास."

"तुला काय कळतंय?"

"मला एवढंच कळतंय, तुम्हाला कळत नाय."

मी वर गेलो. काळा दगड फोडला. त्याच्या खाली गेरूसारखा लाल थर लागला, पाणी त्याच्यावर बसलेलं होतं. मी तोही फोडला. धार जरा फुगली. मी खूश होऊन घरी आलो, म्हातारीला दोनदा सांगितलं. मग गुडघ्यानं धरलं, आणि लग्नापर्यंत वर जाणं झालं नाय. मधी शिमग्याला उलटंच झालं. इवायाचाच फोन आला, "पाव्हणं, आमचा झरा वाहतोय बरं का." मी म्हणालो, म्हाताऱ्याला भांग चढली.

हळदीच्या दिवशी सकाळी मी कळशी घासून घेतली. पोरगा शेंद्र्याला कंपनीत आहे. तो म्हणाला, "आबा, गाडीनं चला. जारचं पाणी कळशीत वतू, कोण बघतंय?" मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो गाडीची हवा बघायला निघून गेला.

चढ जुनाच, माणूस मात्र जुनाट. दोनदा बसत, एकदा गुडघ्याला शिव्या देत वर पोचलो. झऱ्याच्या तोंडात पळसाची वाळली पानं, पानांवर मुंग्या. हात घातला तर आतला दगडसुद्धा कोरडा. फोडलेल्या भेगेला कान लावला. लांब खोल कुठंतरी खळखळ चालली होती. माझं पाणी माझ्याकडं पाठ करून निघालं होतं.

माघारी गेलो तर म्हातारी. पुढं गेलो तर इवाई. मी पुढं गेलो.

खिंड उतरून पलीकडं आलो तर इवायाच्या झऱ्याला मनगटाएवढी धार. आणि शेजारी दगडावर खुद्द इवाई, नवा फेटा बांधून, माझी वाट बघत बसलेले.

"या पाव्हणं. कळशी लई हलकी दिसतीया."

"उन्हानं हलकी झाली."

"मग भरा की आमच्या नदीतनं. नात दोघांचीबी हाय."

भरली असती तर गोष्ट तिथंच मिटली असती, आणि नदी जन्माची त्यांची झाली असती. पण मी धारेखालचा दगड पाहिला. त्याच्यावर लाल डाग होता, गेरूचा. त्या झऱ्याला लाल कधी नव्हतं.

"हे पाणी माझं हाय," मी म्हणालो.

"ते कसं काय?"

आता आली पंचाईत. कसं ते सांगायचं तर पहार सांगावी लागणार. 'माझं चुकलं' हे दोन शब्द मी उभ्या जन्मात उच्चारले नव्हते, म्हातारी साक्षीला आहे. मी धारेकडं पाहिलं, फेट्याकडं पाहिलं, आणि सगळं सांगून टाकलं.

इवाई इतके हसले की फेटा सुटून पाण्यात पडला. "लेक दिली, तिच्या मागं नदीबी धाडली व्हय!"

"परत द्या."

"दिलेली लेक परत मागतात का कुठं?"

मग त्यांनीच कळशी भरली आणि गळ्याला हात लावून म्हणाले, "कुणाला सांगत नाय, शपथ." उतारावर कळशी अर्धी वाट त्यांनी धरली, अर्धी मी.

दारात सगळी भावकी. म्हातारी आणि पोरगा गाडीनं आधीच पोचलेले. नात पिवळ्या लुगड्यात पुढं आली. "आबा, कुठलं पाणी?"

इवाई खरंच गप्प राहिले. पण माणूस गप्प राहिला म्हणजे त्याचंच खरं ठरतं. मी मोठ्यानं म्हणालो, "पाणी माझं, झरा ह्यांचा. मी पहार लावली म्हणून ते इकडं आलं. माझं चुकलं."

आतून म्हातारीचा आवाज आला, "काय म्हणालात? ऐकू नाय आलं."

"मी एकदाच बोलतो," मी म्हणालो, आणि कळशी नातीच्या डोक्यावर वतली.