बॉनेटवरचा पंजा

मेहकरच्या मतीनला स्वस्थ बसता येत नाही. चहा पिता पिता उठून तो समोर उभ्या मोटारसायकलचा आरसा पुसून येतो. माझं शिलाईचं दुकान त्याच्या फोटो स्टुडिओला लागून आहे, त्यामुळे ही वळवळ मला रोज बघावी लागते आणि रोज माझं डोकं उठतं.

बोंडअळीनं बीटी कपाशी खाल्ली त्या वर्षी गावोगावच्या जीपा विकायला निघाल्या. जुन्या गाड्यांच्या एका दलालानं मतीनला कामाला लावलं. उन्हं कलली की हा फोटो काढी आणि मग कॉम्प्युटरवर गाडीचं वय कमी करी. पोचे गेले, गंज गेला, मागची कपाशीची वाळलेली पऱ्हाटी जाऊन हिरवी टेकडी आली. शेतातली गाडी वाटायला नको, असा दलालाचा हुकूम. मूळ फोटो मतीन ठेवतच नसे. "घाण कायले जपू बे?" म्हणे.

मग एक दिवस हिवरा आश्रम गावचे नीळकंठराव आले. त्यांची पांढरी जीप मतीनच्याच फोटोवर संक्रांतीआधी विकली गेली होती.

"मतीनभाई, जीपचा फोटो द्या. बॉनेटवर आरोहीचा पंजा आहे ना, तो दिसला पाह्यजे. पोरगी नर्सिंगले जालन्याले आहे. गाडी गेली म्हणून फोनवर रडून राह्यली."

जीप नवी घरी आली तेव्हा पूजेत लहानग्या आरोहीनं कुंकवाचा पंजा उमटवला होता. त्याचा गुलाबी डाग किती धुतला तरी निघाला नव्हता. मतीननं तो फोटोतून केव्हाच पुसला होता.

"उद्या या," एवढंच तो म्हणाला.

दिवसभर त्याचं आत-बाहेर चाललं. दलालाला फोन लावला, तर नव्या मालकानं जीप निळी करून घेतलेली. शेवटी त्यानं घरून आपल्या धाकट्या लेकीला, गुलनाजला आणलं. कुंकू माझ्याच घरून नेलं. कागदावर तिचा पंजा उमटवला, फोटो काढला आणि बॉनेटवर असा बसवला, की मलाही खरा वाटला.

"अबे, खरं सांगून टाक ना त्यायले," मी ओरडलो. ऐकतो कुठला!

दुसऱ्या दिवशी नीळकंठरावांनी फोटो डोळ्यांजवळ धरून पंजावर बोट फिरवलं.

"आरोहीनं डावा हात लावला होता," ते म्हणाले. "उजव्यात पेढा होता. तिची आजी केवढी ओरडली होती!"

"थांबा, आत्ता उलटा करून देतो." मतीन कॉम्प्युटरकडे धावला.

नीळकंठरावांनी त्याचं मनगट धरलं. "कोणाचा हात आहे?"

"माझ्या गुलनाजचा."

"मग राहू द्या. हा तरी नका पुसू."

फोटो खिशात घालून ते एसटी स्टँडकडे गेले. मतीन खुर्चीत बसला तो बसलाच. चहा आला, निवला, तरी हलला नाही. इतकी वर्षं तो एकदा तरी स्वस्थ बसावा असं मला वाटायचं. त्या दिवशी ते माझ्यानं बघवेना.