भडकू डॉक्टर आणि माझी मूठ

‘मूठ आवळ. आता सोड. सोड म्हणतोय ना, कानात बोळे घातलेत का?’

धुळ्याच्या भडकू डॉक्टरांचा हा मला नमस्कार होता. भर बाजारात, कुणाच्या लग्नाच्या मांडवात, एकदा तर स्टेशनावर चाळीसगावची गाडी सुटत असताना त्यांनी मला हेच सांगितलं. मी उजवा हात पुढे करायची, मूठ आवळायची आणि सोडायची. अंगठा, पहिलं बोट, करंगळी सरळ व्हायची. मधली दोन बोटं अर्ध्यावर अडायची. ‘हं,’ एवढं म्हणून ते त्या दोन बोटांकडे असे बघायचे, की जणू त्यांनी डॉक्टरांच्या घरी दरोडाच घातलाय.

लोक त्यांना तोंडावर डॉक्टरसाहेब म्हणत आणि पाठीमागे भडकू डॉक्टर. मुंबईला शिकून आलेले, अंगानं काटकुळे, आवाज मात्र दवाखान्यातून हमरस्त्यापर्यंत पोचणारा. उशिरा आलेल्या रोग्यावर ओरडत, लवकर आलेल्यावर ‘एवढ्याशानं काय होतंय?’ म्हणून ओरडत. फीबद्दल मात्र कधी ओरडल्याचं मला आठवत नाही. मी स्वतः काही गरीब गाय नाही. माझ्या जिभेला माहेरी बोदवडलाही सगळे टरकून असत. तरी त्यांच्यापुढे पहिल्या दिवशी माझी बोबडी वळली होती.

तो पहिला दिवस सांगते. माझं लग्न नुकतंच झालेलं. सासर धुळ्याकडच्या एका खेड्यात, घरी कपाशीचं रान. गाडीत कापूस भरताना मी वरून घसरले आणि उजव्या हातावर पडले. मनगटाच्या वर हाड मोडलं. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, दुसरं काही सुचायचा प्रश्नच नव्हता. हाडवैद्याला बोलावलं. त्यानं हाड ओढून बसवलं, बांबूच्या कामट्या लावल्या आणि सुतळीनं करकचून बांधलं. त्याचा नेम असा, की ज्या वारी बांधलं त्याच वारी पुढच्या आठवड्यात नारळ फोडायचा आणि मगच सोडायचं. मधे गाठीला हात लावला तर हाड रुसतं म्हणे! हाड काय जावई आहे रुसायला?

रात्रीपासून हात ठणकायला लागला. दुसऱ्या दिवशी बोटं सुजून वांग्यासारखी झाली, मग निळी पडली, मग गार. मी ओरडत होते आणि हाडवैद्य ओट्यावर बसून मान डोलवत होता. ‘दुखस म्हंजे जुडी ऱ्हायनं,’ दुखतंय म्हणजे जुळतंय, असं त्याचं म्हणणं. आबा त्याच्या सुरात सूर मिसळून म्हणाले, ‘बठ्ठा गाव त्यानाकडेच जास. तूच काय नवाईनी शे?’ सगळा गाव त्याच्याकडेच जातो, मग मीच काय नवलाची, असं. आणि मग ठणका थांबला. हाताची जाणीवच गेली. घरातल्या सगळ्यांनी हुश्श केलं. आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं. सून रडायची थांबली, एवढ्यावर यांचं समाधान!

माझ्या नवऱ्यानं जन्मात एकच काम बापाला न विचारता केलं. कापूस विकायला नेतो म्हणून सांगितलं आणि त्याच गाडीत मला घालून धुळ्याला आणलं. डॉक्टरांनी माझी बोटं पाहिली. कात्री घेतली आणि सुतळ्या, कामट्या, खालचं फडकं, सगळं चामडीपर्यंत कापून काढलं. मग ते माझ्या नवऱ्याकडे वळले.

‘बैलाच्या पायात दोरी रुतली तर काय करतोस?’

‘कापतो, साहेब.’

‘आणि ही बैलापेक्षा स्वस्त पडली काय रे तुला?’

रस्त्यावरची माणसं दारात गोळा झाली. नवरा मान खाली घालून उभा राहिला. मला, खरं सांगते, हाताचं दुःख असूनही फार बरं वाटलं.

पण उशीर झाला होता. हाड सोन्यासारखं जुळलं आणि हात मातीत गेला. पुढच्या काही आठवड्यांत बोटं आपोआप तळव्याकडे वळायला लागली, पक्ष्याच्या नख्यांसारखी. गंमत अशी, की मनगट खाली वाकवलं की बोटं उघडायची आणि मनगट सरळ केलं की पुन्हा मिटायची. मला वाटलं, झालं, भूतबाधाच झाली. डॉक्टर खवळले.

‘भूत नाही, स्नायू आहे! बोटाला हलवणारा मोठा स्नायू बोटात नसतोच. तो इथं असतो,’ म्हणून त्यांनी कोपराखाली बोट रुतवलं. ‘इथून दोऱ्या निघतात आणि बोटापर्यंत जातात. तुमच्या मळ्यात मोट आहे ना? बैल इकडे ओढतात, मोट तिकडे हलते. आता नाडा आखूड झाला तर मोट पाण्याला पोचेल का? नाही ना? तुझा नाडा आखूड झालाय. मनगट वाकवलंस की त्याला ढील मिळते, म्हणून बोटं उघडतात. आलं ध्यानात, की अजून देवऋषी आणायचाय?’

माझ्या पदराला कापूस चिकटलेला असायचा. तो ओढून घेऊन त्यांनी बोटांत पिळला. स्नायू म्हणजे असेच तंतू, लांब, एकमेकांना लगटून असलेले. तंतूंचा जुडगा, त्याच्यावर पातळ पापुद्रा, अशा जुडग्यांचा मोठा जुडगा, त्याच्यावर पुन्हा पापुद्रा. मेंदूतून हुकूम आला की प्रत्येक तंतू आखडतो, हुकूम थांबला की सैल होतो. त्याला ढकलता म्हणून येत नाही, फक्त ओढता येतं. म्हणून हाताच्या एका बाजूला मिटणारे स्नायू आणि दुसऱ्या बाजूला उघडणारे. एकानं ओढलं की दुसऱ्यानं सैल सोडायचं.

‘तुझे उघडणारे शाबूत आहेत,’ ते म्हणाले. ‘मिटणारे रक्तावाचून मेलेत. त्या गाढवानं आवळून मारलेत! मेलेला तंतू परत येत नाही. त्याच्या जागी चिवट पांढरं काहीतरी भरतं, आणि ते आक्रसत जातं. जे थोडे जिवंत आहेत त्यांच्याकडून काम करून घ्यायचं. रडायचं असेल तर घरी जाऊन रड.’

घरी रडायची सोय कुठे होती? मोडक्या हाताची सून आबांना नको होती. ‘डावा हातनी भाकर कोण खाई?’ असं ते मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं शेजाऱ्याला विचारत. दुसरी मुलगी बघायची बोलणी ओट्यावर उघड चालली होती, आणि नवऱ्यानं कापसाच्या गाडीत दाखवलेलं शौर्य तिथंच संपलं होतं. माझा हात उघडला नाही तर मी या घरात राहत नव्हते, इतकं ते सरळ होतं.

म्हणून मी धुळ्याला मावशीकडे राहिले आणि रोज दवाखान्यात गेले. कोमट पाण्यात हात शेकायचा, तेल चोळायचं, मग लाकडी फळीवर बोटं सरळ करून बांधायची. आधी मनगट वाकलेलंच ठेवून फक्त बोटं. बोटं ऐकायला लागली की मग मनगट, तसूतसूनं. दुखून डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. बांधून झालं की डॉक्टर प्रत्येक नख दाबून बघायचे. दाबल्यावर पांढरं होतं का, सोडल्यावर लाली परत येते का. जराशी उशिरा आली तरी स्वतःच बांधलेलं स्वतःच ओरडत सोडायचे. ‘दुखलं की सांगायचं! सहन केलंस तर थोबाडीत देईन!’ आयुष्यभर मला सगळ्यांनी सहन कर म्हणून सांगितलं. सहन केलंस तर मारीन म्हणणारा हा एकच माणूस.

एकदा आबा दवाखान्यात आले. पागोटं सावरत म्हणाले, ‘डागदरसाहेब, आजून किती दिन? काम व्हई का तिनाकडथून, नही तं आम्ही दुसरं पाहूत.’

डॉक्टर खुर्चीवरून उठलेच. ‘आबा, तुमची सून मी दुरुस्त करतोय. तुम्हाला दुरुस्त करायला माझ्याकडे फळी नाही!’

आबा तोंड काळं करून परत गेले. जाताना माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

वर्ष उलटल्यावर मी उजव्या हातानं कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी थापली. दोन बोटं वाकडी, म्हणून भाकरीवर एका अंगाला खळी पडायची. पहिली भाकरी मी आबांना नाही वाढली. फडक्यात बांधून धुळ्याला नेली. डॉक्टरांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, ‘ही खळी कशाची? अजून जोर लाव.’ मग सगळी खाल्ली, कोरडीच.

सासरी परत गेले. दुसऱ्या मुलीची बोलणी थांबली. पण मी आबांना माफ केलं असं कुणी समजू नये.

काही वर्षांनी आबाच बैलगाडीवरून पडले. हात मोडला, तोही उजवा. तोच हाडवैद्य, तीच सुतळी, तोच नारळाचा नेम. संध्याकाळी मी पाणी द्यायला गेले तर बोटं सुजलेली. नख दाबून पाहिलं. पांढरं झालं ते पांढरंच राहिलं.

‘आबा, दुखस का?’

‘दुखस म्हंजे जुडी...’ एवढं म्हणून त्यांनी ओठ दाबले. कपाळावर घाम होता.

मी विळा आणला. आबा ओरडले, ‘हात लावू नको वं! हाड रुशी जाई!’ हाडवैद्य आडवा आला. मी विळा त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, ‘माझा हात खाल्लास, पोट नाही भरलं का रे मुडद्या?’ तो बाजूला झाला. वाकड्या बोटांत विळा धरून मी एकेक सुतळी कापली. सून म्हणून माया आली होती, असलं काही नव्हतं. नुसता राग होता. तो हात माझ्यासारखा झाला असता तर आबांच्या जागी दुसरा आबा कुणी आणला नसता, हेच राहून राहून डोक्यात येत होतं.

रातोरात धुळं गाठलं. डॉक्टरांनी बोटं पाहिली. लाल, ऊबदार, हलणारी.

‘कुणी कापलं?’

‘मी.’

‘मग हे खालचं फडकं कुणाच्या बापासाठी ठेवलंस? तेही कापायचं असतं, चामडीपर्यंत! शिकवलं होतं ना?’

एवढं ओरडून ते हात धुवायला आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल होते. मग त्यांनी आबांचा हात नीट बांधला, आणि आबा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, ‘माय, बस ना खाली.’ त्यांनी मला माय म्हटलेलं ते पहिलंच.

स्वातंत्र्याचे झेंडे लागायच्या आदल्या वर्षी डॉक्टर गेले. हृदय बंद पडलं. आबांनीच गाडी जुंपली आणि ती हाकलीही त्यांनीच, त्याच उजव्या हातानं. दवाखान्याच्या ओट्यावर डॉक्टरांना ठेवलं होतं. मी पायाशी उभी राहिले. काय करावं कळेना, म्हणून हात पुढे केला. मूठ आवळली. सोडली. दोन बोटं अर्ध्यावर अडली.

सगळा धुळे गाव तिथं गोळा झाला होता आणि माझ्यावर एक माणूस ओरडला नाही. मला असा राग आला, असा राग आला, की मी तिथंच मोठ्यानं रडले.