आठातला तिसरा सिलिंडर

आमच्या लिंबाजी भाऊजींचं बोरिंगचं दुकान नांदेडात, आमच्या घराला लागूनच आहे. बोरिंग म्हणजे पाण्याचं नव्हे. इंजिन वर्षानुवर्षं चाललं की सिलिंडरची आतली भिंत घासून लंबुळकी होते. ती मशिनवर तासून पुन्हा गोल करायची, आणि फारच खराब झाली असेल तर आत लोखंडी नळी बसवायची, हे त्यांचं काम. त्या नळीला लायनर म्हणतात. ट्रॅक्टर, ट्रक, गुऱ्हाळाची इंजिनं, जुन्या जीपा. जिल्ह्यातला निम्मा ऊस ओढणारं लोखंड त्यांच्या हाताखालून गेलेलं असेल.

भाऊजी म्हणजे माझ्या मालकांचे धाकटे भाऊ. कंधारकडच्या खेड्यातून सातवी करून आले आणि एका उस्तादाकडं लागले. उस्ताद गेले तेव्हा त्यांच्या घरच्यांनी ती जुनी मशीन दुसऱ्या कोणाला दिली नाही, भाऊजींनाच दिली. लग्न त्यांनी केलं नाही. आम्ही फार मागं लागलो की म्हणायचे, "वहिनी, तुमच्या हातची भाकर मिळून राहिली. ग्रीसचे कपडे धुवायला कोणाची लेक कशाला आणायची?" आता सहासष्ट वर्षांचे आहेत. बोलणं कमी, जेवण कमी, आणि कामाला घाई अजिबात नाही. गिऱ्हाईक कातावतं आणि पुन्हा त्यांच्याकडंच येतं.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर लातूरहून संगमेशराव आले. त्यांची डाळमिल आहे. पिकअपमध्ये पोत्यांत गुंडाळलेलं काहीतरी मोठं होतं. कप्पीनं उतरवताना साखळी अशी करकरली की भाऊजींनी दोनदा थांबवून वरची तुळई तपासली. पोती सोडली तर आत इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा अख्खा ओतीव ठोकळा. चार सिलिंडर एका अंगाला, चार दुसऱ्या अंगाला, दोन्ही रांगा खाली जुळलेल्या, नमस्काराचे हात जरा उघडावेत तशा.

संगमेशरावांनी सांगितलं, हे अमेरिकन गाडीचं इंजिन आहे. प्लिमथ गाडी, सत्तर सालची. त्यांचे वडील शिवकुमार अप्पा यांनी तरुणपणी हैदराबादला घेतली होती. या जातीच्या इंजिनाला तिकडं हेमी म्हणतात आणि तिकडंसुद्धा ते थोड्याच गाड्यांत बसवलेलं होतं. सात लिटरचं, सव्वाचारशे घोड्यांचं.

"सव्वाशे?" भाऊजींनी विचारलं.

"सव्वाचारशे, मिस्त्री."

आमच्याकडचा चांगला ट्रॅक्टर पन्नास घोड्यांचा असतो. भाऊजी नुसते ब्लॉकभोवती एक फेरी मारून आले.

मग संगमेशरावांनी पुढची हकिकत सांगितली. त्या काळात आपल्याकडं मिळणारं पेट्रोल त्या इंजिनाला पचायचं नाही, आणि लागायचं तर विहिरीतून उपसल्यासारखं. म्हणून घरच्यांनी गाडीत डिझेल इंजिन टाकलं. तेव्हा सगळेच तसं करत. काढलेलं इंजिन गोदामात गेलं. पुढं एका उन्हाळ्यात वीज सारखी जायला लागली, तेव्हा अप्पांनाच सुचलं की लोखंड नुसतं पडून आहे, मिलला जोडू. जोडलं. सुरू केलं. पट्टा सुटून भिंतीवर आपटला आणि घाण्यात होती तेवढ्या तुरीचं पीठ झालं. डाळ नव्हे, पीठ. माणसं पळाली. दुसरा पट्टा आणून पुन्हा जोडलं, पण थंड करायला लावलेल्या पिंपातलं पाणी संपलेलं कोणी बघितलं नाही. इंजिन तापून जागीच आवळलं. आठातल्या तिसऱ्या सिलिंडरला उभी भेग गेली. त्यानंतर अडतीस वर्षं ते तुरीच्या पोत्यांमागं पडलं.

आता गाडी नीट करायला काढली होती. पुण्याच्या कारागिरानं ब्लॉक बघून सांगितलं की हा मेला, अमेरिकेतून दुसरा मागवा. पण ब्लॉकवर एक नंबर ठोकलेला आहे. तोच नंबर गाडीच्या सांगाड्यावरच्या नंबराच्या शेवटी येतो. कारखान्यातून दोघं जोडीनं निघाले, याची ती खूण. चौऱ्याऐंशी वर्षांचे अप्पा हट्टाला पेटले होते. आपल्या हातानं आपण ते मारलं, दुसरं आणून बसवलं तर गाडीला हात लावणार नाही, म्हणायचे. आणि ह्या ब्लॉकची भिंत एकदाच तासता येणार होती. लायनर बसताना जरा चूक झाली की भेग फाटून, भिंतीमागं इंजिन गार ठेवणारं पाणी फिरतं त्या वाटेपर्यंत जाणार आणि ब्लॉक भंगारात. या नंबराचा दुसरा जगात कुठंच नाही.

भाऊजी हो म्हणाले नाहीत. "आठ दिवस राहू द्या," एवढंच म्हणाले.

त्या आठ दिवसांत त्यांनी ब्लॉक फक्त धुतला. पाण्याच्या वाटांतून तुरीचे दाणे निघत राहिले. ओंजळभर निघाले. रोज संध्याकाळी बाकीची कामं उरकून ते त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसायचे. आमचे शेजारी व्यंकटी कुल्फीवाले येता-जाता म्हणायचे, "लिंबादादा, हळद-कुंकू आणू का?" भाऊजी हसायचेही नाहीत.

एकदा चहा द्यायला गेले तर म्हणाले, "वहिनी, इकडं या. हात घाला." मी सिलिंडरमध्ये हात घातला. कोपरापर्यंत गेला. बाहेरून गढीच्या भिंतीसारखं जाड, ओबडधोबड लोखंड आणि आत, न बिघडलेल्या सिलिंडरमध्ये, तान्ह्या लेकराच्या टाळूसारखं गुळगुळीत. मग त्यांनी ब्लॉकसोबत आलेला वरच्या झाकणाचा भाग उलटा करून दाखवला. प्रत्येक सिलिंडरवर अर्ध्या नारळाच्या करवंटीसारखा खळगा, आणि त्यात चहाच्या बशीला लाजवतील असे दोन व्हॉल्व्ह. हवेला आत यायला एवढी मोठी वाट मी कधी पाहिली नव्हती. मी काय, त्यांनीही पाहिली नव्हती.

"पन्नासेक वर्षं इंजिनं बघून राहिलो," ते म्हणाले. "प्रत्येकात बनवणाऱ्यानं कुठं ना कुठं लोखंड वाचवलेलं दिसतं. इथं कायच वाचवलं न्हाई."

नवव्या दिवशी त्यांनी लातूरला फोन करून होकार कळवला.

त्या मापाचा लायनर कुठं मिळणार? त्यांनी बाजारातून ट्रकचा लायनर आणला आणि लेथवर बाहेरून तासत तासत पातळ केला. इकडं भेगाळलेला सिलिंडर तासून मोठा केला. आता गंमत अशी की लायनर भोकापेक्षा किंचित मोठाच ठेवायचा असतो, केसाहून कमी, पण मोठा. सैल बसला तर कामाचा नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवून चढवतात, ती गार झाली की चाकाला आवळून बसते. तसंच, फक्त इथं दोन्हीकडून करायचं. ब्लॉक तापवायचा म्हणजे भोक फुगेल, आणि लायनर गारठवायचा म्हणजे तो आकसेल. मग हातानं सोडायचा. हातात वेळ दोन श्वासांचा. तेवढ्यात तळाला गेला तर कायमचा बसला. मध्ये अडकला तर तिथंच आवळणार, आणि काढायला गेलं की भेग फाटणार.

गारठवायचं काम व्यंकटींकडं आलं. कुल्फीच्या पिंपात बर्फ आणि खडेमीठ घालून, प्लॅस्टिकमध्ये बांधलेला लायनर त्यांनी आत पुरला. "मलई घालू का, पिस्ता?" असं दोनदा विचारून झालं. ब्लॉक तापवायला लग्नात भात शिजवतात तसल्या दोन गॅस शेगड्या आणल्या, वर जाड पत्रा, त्यावर ब्लॉक. किती तापला ते ओळखायचं माझ्याकडं आलं. भाऊजी म्हणाले, तव्यावर भाकरी टाकायच्या आधी पाणी शिंपडून बघता ना, तसं सांगा. थेंब बसून राहिला तर कच्चं, नाचायला लागला तर जास्त. चर्र करून जागीच सुकला पाहिजे.

त्या दिवशी मी वंदना जरा लवकर घेतली. बुद्धापुढं काही मागायचं नसतं, आमच्यात तसं शिकवत नाहीत. मी आपली भाऊजींचं मन स्थिर राहो एवढं म्हटलं आणि उठले.

बातमी फुटलेली होती. ट्रॅक्टरवाले, शेजारपाजारचे, सगळे दारात जमले. संगमेशराव पहाटेच लातूरहून निघून आले होते. तीन तास ब्लॉक तापला. भाऊजींनी सिलिंडरच्या कडेला बोट दाखवलं, मी थेंब टाकला, चर्र झालं. मी म्हटलं, झालं. व्यंकटींनी लायनर काढून दिला, त्यावर पांढरं दव. भाऊजींनी तो भोकावर धरला आणि सोडला.

अर्ध्यापर्यंत सरकन गेला. मग खरर असा आवाज आला आणि त्याच क्षणी भाऊजींनी तो दोन्ही हातांनी उपसून वर काढला. अडकलाय हे आम्हाला कळायच्या आधी तो बाहेर होता. तापलेल्या कडेला त्यांचं मनगट भाजलं.

गलका झाला. कोणी म्हणालं वरून लाकूड ठेवून ठोका, संगमेशरावही म्हणाले, मिस्त्री, एक टोला दिला असता तर गेला असता. भाऊजींनी त्यांच्याकडं बघितलं.

"ठोकायचं न्हाई. ह्याला एकदा धसमुसळेपणानं मारलंय."

संगमेशरावांनी मान खाली घातली. गर्दी हळूहळू पांगली. भाऊजी हात पाण्यात घालून स्टूलवर बसले. त्यांचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. हरल्यासारखा नाही, कोणी मोठ्या माणसानं बोल लावल्यासारखा. मी जवळ गेले आणि मनात होतं ते सांगितलं. दाराकडच्या अंगाला मी आपली सहज एक थेंब टाकून पाहिला होता, तो बराच वेळ बसून राहिला होता.

"मग बोलल्या का न्हाई?"

"तुम्ही एकाच जागी विचारलं."

त्यांनी दाराकडं मान वळवली. मग म्हणाले, "दार उघडं होतं. वारा येऊन राहिला होता. एका अंगानं कच्ची भाकर." आणि पहिल्यांदा हसले.

लायनरवर ओरखडा आला होता. दुसरा आणून पुन्हा तासायला दोन दिवस गेले. ब्लॉकची भिंत त्यांनी भिंग लावून बघितली, मग मला बघायला लावली, मग व्यंकटींना. भेग होती तेवढीच होती.

तिसऱ्या दिवशी दार लावून घेतलं. आत भाऊजी, व्यंकटी, संगमेशराव आणि मी, चौघंच. ब्लॉक अधूनमधून फिरवून तापवला, म्हणजे सगळीकडं सारखी ऊब लागेल. मी चार बाजूंना चार थेंब टाकले. चारही एकदम चर्र झाले. व्यंकटींनी लायनर काढून पुढं केला. भाऊजींनी लायनर धरला, डोळे मिटून उघडले आणि सोडला.

टक्.

इतका लहान आवाज. बस, तळाला टेकला. संगमेशरावांनी काही विचारायला तोंड उघडलं तर व्यंकटींनी त्यांचा दंड धरला. आम्ही ब्लॉक पूर्ण गार होईस्तोवर तिथंच उभे होतो, देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहावं तसे. नंतर भाऊजींनी लायनरवरून अंगठा फिरवला. जोड कुठं आहे ते अंगठ्याला सापडेना.

पण खरी परीक्षा बाकीच होती. बसलेला लायनर आगीपुढं टिकतो का, हे इंजिन चालल्याशिवाय कळत नाही. बाकीचे भाग परदेशातून यायला आणि पुण्याच्या कारागिराकडून जोडणी व्हायला दहा महिने लागले. दिवाळीनंतर संगमेशरावांनी आम्हाला न्यायला गाडी पाठवली.

मिलच्या आवारात ती प्लिमथ उभी होती, नारिंगी रंगाची, पुढचं झाकण उघडं. अप्पा खुर्चीवर बसले होते, एक हात गाडीवर ठेवून. त्यांनी भाऊजींना जवळ बोलावलं आणि विचारलं, "मिस्त्री, तुम्हाला खात्री आहे का?"

"न्हाई, अप्पा," भाऊजी म्हणाले. "सुरू झाल्यावर सांगतो."

संगमेशरावांनी किल्ली फिरवली. एकदा नुसतं घरघरलं. दुसऱ्यांदा ते पेटलं.

गोदावरीला पूर आलेला असताना जुन्या पुलावर उभं राहिलं की आवाज कानांत यायच्या आधी तळपायातून वर चढतो. तसं झालं. मिलच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उडाली. दारातले हमाल पोती टाकून बघत राहिले. माझ्या बांगड्या आपोआप किणकिणायला लागल्या. माणसानं एवढं बळ लोखंडात कसं कोंडून ठेवलं असेल, आणि ते अडतीस वर्षं तुरीमागं गप्प कसं बसलं असेल, असं मनात येऊन माझे हात कधी जोडले गेले ते मला समजलं नाही. अप्पांचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं.

भाऊजी मात्र इंजिनाकडं बघतही नव्हते, आवाजाकडंही त्यांचं ध्यान नव्हतं. रेडिएटरचं टोपण काढून, टॉर्च लावून, ते आतल्या पाण्याकडं बघत वाकून उभे होते. भेग उघडी पडली तर आगीचा धूर पाण्यात शिरतो आणि बुडबुडे येतात. एक बुडबुडा आला तरी सगळं संपलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अप्पांची नजर आता गाडीवर नव्हती, भाऊजींच्या पाठीवर होती. पंधरा मिनिटांनी ते सरळ झाले, अप्पांपाशी आले आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले,

"पाणी शांत हाय, अप्पा."

अप्पा उठले. संगमेशरावांना बाजूला करून स्वतः आत बसले. पाय पेडलवर ठेवला, पण दाबला नाही. काचेतून भाऊजींकडं बघत थांबले. भाऊजींनी टोपण घट्ट लावलं, टॉर्च विझवून खिशात घातली, दोन पावलं मागं आले आणि मान हलवली.

मग अप्पांनी पाय दाबला, आणि आमच्या भाऊजींनी ते इंजिन पहिल्यांदा ऐकलं.