मुगलसरायपर्यंतचा उजेड

हे किस्से मी इतक्या वेळा सांगितले आहेत, की त्यातलं घडलेलं किती आणि सांगता सांगता चिकटलेलं किती, हे आता मलाच नीट ठरवता येत नाही. बनारसच्या आमच्या मराठी मंडळींत किस्से असेच साठतात. कुणीतरी चहाला येतं, एक किस्सा ठेवून जातं, आणि दोन वर्षांनी तो आपल्याच तोंडून बाहेर पडतो.

एवढं मात्र नक्की, की त्या हिवाळ्यात माझी मुलगी वसुधा तीन महिन्यांची नात घेऊन पुण्याहून येणार होती. गाडी मुगलसरायला रात्री दहाला. तिथून आमचं भेलूपूरचं घर पंधरा-वीस किलोमीटर, मध्ये गंगेवरचा पूल आणि ट्रकांची रांग. तिनं लिहिलं होतं, ‘बाबा, टॅक्सी नको. तुम्हीच या.’

मी आयुष्यभर विद्यापीठात प्रकाशशास्त्र शिकवलं, पण रात्री गाडी चालवायची म्हटलं की माझ्या तळहातांना घाम सुटायचा. त्यात माझ्या जुन्या फियाटच्या दिव्यांचा उजेड दोन निरांजनांएवढा. वसुधा येईपर्यंत दिवे बदलायचे, असं मी ठरवलं.

*

पहिला सल्ला केळकरचा. केळकर बँकेत मॅनेजर. त्याच्याकडे गाडी नव्हती, त्यामुळे गाड्यांतलं सगळं त्याला ठाऊक होतं.

“हॅलोजन टाक,” तो म्हणाला. “दिवसासारखं दिसतं.”

हॅलोजन तेव्हा आमच्याकडे नवीनच होते. मी मलदहियाच्या बाजारातून दोन बल्ब आणले आणि मिस्त्रीकडे न जाता स्वतःच बसवायला घेतले. शिकलेल्या माणसाची खोड. परावर्तनात प्रतिमा उलटी पडते, हे मी शेकडो मुलांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. त्या हिशेबानं बल्बही उलटा बसला पाहिजे. तो तसा बसेना, तेव्हा मी कानशीनं त्याचा खाचेत बसणारा कान घासून काढला आणि बसवला.

संध्याकाळी केळकरला घेऊन चक्कर मारायला निघालो. रस्ता काळाकुट्ट. वर कडुनिंबाचं पान न् पान मोजून घ्यावं इतकं लख्ख.

शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्यानं वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “का गुरु, कउवा खोजत हउवा?”

केळकर म्हणाला, “त्याला सांग, कावळा सापडला. गाडी चालवतोय.”

*

मग मलदहियाचाच इश्तियाक मिस्त्री. त्यानं घासलेला बल्ब हातात घेऊन बराच वेळ पाहिला.

“डाक्टर साहब, ये किसने किया?”

मी म्हणालो, “एक आदमी ने.”

“पढ़ा-लिखा होगा,” तो म्हणाला. “अनपढ़ इतनी मेहनत नहीं करता.”

*

त्यानं नवे बल्ब सरळ बसवले. तरी माझं समाधान होईना. केळकर म्हणाला, “वॅट वाढव.” मी शंभर वॅटचे बसवून घेतले. इश्तियाक म्हणाला, त्याला रिले लावावा लागतो, नाहीतर सगळा करंट स्विचमधून जातो. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात लावू. हा नियम मीही शिकवलेला होता, म्हणून तो मला लागू नाही असं वाटलं असावं.

एका रात्री राजघाटच्या पुलावर समोरून ट्रक आला आणि थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. मी काच खाली केली आणि शिव्यांची वाट पाहू लागलो.

तो हात जोडून म्हणाला, “बाबूजी, घर हमको भी पहुँचना है.”

मी ओशाळून दिवा खाली करायला गेलो, तर स्विच मऊ लागला. मग जळका वास आला आणि दोन्ही दिवे गेले. त्या ड्रायव्हरनंच ट्रक मागे घेऊन मला पूल पार करू दिला.

*

रिले लागला, बल्ब पुन्हा बेताच्या वॅटचे झाले, इश्तियाकनं भिंतीसमोर गाडी उभी करून दिव्यांचा कोनही नीट बसवला. पहिल्यांदाच मला रस्ता रस्त्यासारखा दिसला. मी आठ दिवस सुखात होतो.

दसऱ्यानंतर उजेड पुन्हा कमी झाला. मी बॅटरी तपासली, तारा तपासल्या, एका वहीत आकडे लिहिले. शेवटी डोळ्यांचीच शंका आली आणि ती मी कुणाला सांगितली नाही. बल्बच वाईट निघाले म्हणून गाडी परत मलदहियाला नेली. इश्तियाकनं वाकून काचेवर नख ओढलं.

“साहब, बल्ब तो जल रहा है. भगवान रास्ता रोके हैं.”

माझ्या बायकोनं, सुमतीनं, दसऱ्याला गाडीची पूजा करताना दोन्ही दिव्यांच्या काचांवर तुपात कालवलेल्या शेंदराचे ऐसपैस स्वस्तिकं काढली होती. हॅलोजनच्या धगीनं ती भाजून पक्की झाली होती. रोज पाहत होतो मी ती. पूजेची खूण, म्हणून डोळ्यांत शिरतच नव्हती.

घरी येऊन सांगितलं, तर सुमती म्हणाली, “अहो, स्वस्तिकानं उजेड अडतो असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?”

मी लिहिलेल्या पुस्तकात नव्हतं, हे खरं.

*

आता त्या रात्रीचं. सोबत कोण येणार, हा प्रश्न होता. केळकरला नेमका आठवडाभर आधी खोकला झाला. तेव्हा ब्रह्मा घाटावरचे दत्तूगुरुजी म्हणाले, “मी येतो. पण प्रोफेसर, आधी एक-दोनदा दिवसा नेऊन आणा.” गुरुजी वेदपाठी. आमच्या घरचं सगळं धर्मकार्य त्यांच्याकडे.

दिवसा दोनदा गेलो. जाताना गुरुजी रस्ता निरखून पाहत, येताना डोळे मिटून बोटांवर काहीतरी मोजत पुटपुटत बसत. पारायण चाललंय समजून मी बोललो नाही.

जाताना ठीक गेलो. परतताना, वसुधा आणि बाळ मागे बसल्यावर, धुकं उतरलं. माझे हॅलोजन त्या धुक्यावर आपटून सरळ माझ्याच डोळ्यांत येत होते. समोर पांढरी भिंत. मी म्हणालो, “गुरुजी, मला काही दिसत नाही.”

“दिवा खालचा करा,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “सावकाश. आता डावीकडे पिंपळ. मग रेल्वेचा रूळ, दोन धक्के. बसले? आता वीस अंक मोजा, उजवीकडे खड्डा आहे, डावं धरा. आता पूल. खडखड सुरू झाली ना? सरळ. खडखड थांबली की डावीकडे वळण.”

असं घरापर्यंत. एक खड्डा चुकला नाही. मी चालत्या माणसाच्या वेगानं, ते सांगतील तसा. एकदा समोर गाय आली ती मात्र त्यांनी सांगितली नाही. गाय तर मलाही दिसते, असं त्यांनी धरलं असेल, असं वाटलं.

बाळ झोपेतच घरी पोचलं. वसुधा म्हणाली, “गुरुजी, तुमचे डोळे म्हणजे कमाल आहे.” गुरुजी हसले. त्यांना पोचवायला गेलो, तेव्हा घाटाच्या गल्लीत दारापर्यंत त्यांनी माझा दंड धरून ठेवला होता. मला फार बरं वाटलं होतं.

गुरुजी वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांच्या पत्नीला, काकूंना, हे सांगत होतो. त्या मध्येच म्हणाल्या, “रात्री? यांना दिसत होतं? दिवेलागणीनंतर ताटात काय वाढलंय ते मी सांगायची.”

माझा विश्वास बसेना. काकूंचं वय झालं होतं, आणि माझंही. म्हणून खात्री करायला गुरुजींच्या धाकट्या भावाला विचारलं.

“लहानपणापासून,” तो म्हणाला. “अंधार पडला की दादा घाटाच्या पायऱ्या मोजून उतरायचा.”