माझ्या कमरेच्या अकरा किल्ल्या

साथीच्या काळात सरकारचं कुठं चुकलं, याची चौकशी करायला समिती सोलापुरात आली. सगळ्यांसमोर सुनावणी होती. मी गेले ती खरं तर पंख्याखाली बसायला. आमच्या गल्लीची आशाताई मात्र पहिल्या रांगेत पदर मुठीत धरून बसली होती. तिच्यावर ठपका होता. घरोघर ताप तपासायच्या पहिल्या तीन फेऱ्यांत गल्लीतल्या अकरा घरांपुढं तिनं 'घर बंद' असं लिहिलं होतं, म्हणजे न फिरताच वही भरली, असा. ठपका कायम राहिला तर तिचं काम जाणार होतं.

ती गप्प होती. का, ते त्या सभागृहात मला एकटीलाच ठाऊक.

आता माझं तेव्हाचं शहाणपण सांगते. वय एकसष्ट, म्हणजे आताच्या मानानं तरणीताठी, आणि अक्कल त्याहून कोवळी. ताप सापडला की गाडी येते, माणसाला नेते आणि पुढं काही कळत नाही, एवढंच आम्हाला माहीत. मग मी युक्ती काढली. माणसं आत, कुलूप बाहेरून, किल्ली माझ्याकडं. भाकरी मागच्या खिडकीतून. अकरा किल्ल्या कमरेला खोचून मी गल्लीत अशी मिरवायची, की जेलरनंही उठून उभं राहावं.

पहिल्या फेरीला आशाताईनं समोरच्या तेलुगू विणकरांच्या दाराकडं बोट दाखवलं.

"हे कुटं गेले?"

"अक्कलकोटला."

"मावशी, एसटी बंद हाय की."

"चालत गेले."

"म्हाताऱ्या सासऱ्याला घेऊन?"

"त्यांनाच लई घाई होती."

एवढ्यात त्या बंद घरातून कुकरची शिट्टी झाली. मी आभाळाकडं बघितलं, तिनं वहीकडं. मग कुलपाकडं तोंड करून ती मोठ्यानं म्हणाली, "कुणाला दम लागला तर लपवू नका. मावशीला सांगा, मी स्वतः संगं येईन." तापाच्या गोळ्या पायरीवर ठेवून ती निघून गेली.

तिसऱ्या फेरीनंतर त्याच घरातल्या म्हाताऱ्यांना दम लागला. मी आशाताईला बोलावलं, पण घाईत अकरातली बरोबर किल्ली सापडेना. आशाताई गाडीत त्यांच्याबरोबर बसून गेली आणि रोज निरोप आणत राहिली. म्हातारे परत आले, आणि चहात साखर कमी म्हणून आल्या आल्या सुनेवर डाफरले, तेही तेलुगूत.

सुनावणीत तिनं कुलपांचं सांगितलं असतं तर गल्ली उघडी पडली असती. म्हणून ती गप्प.

मी उभी राहिले. "बाई, ही दर फेरीला दारात आली होती. कुलपं मी लावली होती."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "माणसं आत असताना?"

"व्हय."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. हसू दे. मलाही हसूच येत होतं.

"का लावलीत?"

"नेलेलं माणूस कुटं हाय, जेवलं का, हे सांगायला कुणी नव्हतं. म्हाताऱ्यांचा रोज निरोप यायला लागला, तशी लोकांनी आपणहून किल्ल्या मागून नेल्या. आठवड्यात माझा थाट संपला."

"हे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या," अध्यक्षबाई शेजारच्या कारकुनाला म्हणाल्या. ठपक्याच्या ओळीवर त्यांनी स्वतः रेघ मारली. मग आशाताईला खुर्ची पुढं ओढायला सांगून विचारलं, "हे निरोप तुम्ही आणायचात कसे?"

पदर मुठीतून सुटला. दवाखान्यातल्या कुठल्या सिस्टरला किती वाजता फोन करायचा, घरच्यांना काय सांगायचं, काय सांगायचं नाही, सगळं ती सांगत गेली. पुढं साथ आली तर प्रत्येक वॉर्डात असंच करता येईल का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "येईल की. आमाला आधी विचारलं तर."

कारकून पानं उलटत होता. मध्ये दोनदा मला तोंड घालायचं होतं, पण गप्प बसले. तेवढं आता जमतं.